पत, जामीन आणि मन

पुरस्कर्ता : कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मनःस्थितीविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिले जाणे अवश्यच होते, परंतु ज्याच्या हाताखाली वीस-पंचवीस माणसे राबतात आणि ज्याच्या सहीने दर महिन्याच्या सात तारखेला तितक्या घरांत पगार पोहोचतो, त्या मनुष्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करण्याची सवय आपल्या समाजाला अद्याप लागलेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० साली या देशात व्यापार-व्यवसाय करणाऱ्या ११,७१६ व्यक्तींनी आपले जीवन संपवले, आणि त्याच साली शेतीवर अवलंबून असलेल्यांमधील ही संख्या १०,६७७ होती. कन्हेरी, काटेवाडीपासून खाली इंदापूरपर्यंतचा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा घ्या. दोन पिढ्यांपूर्वी येथे उसाखेरीज दुसरी भाषा नव्हती. आज येथल्या बागाइतदारांची मुले बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन सुटे भाग बनवितात, दूध प्रक्रिया करतात, वाहतुकीच्या गाड्या बाळगतात. त्यांना यंत्र कोणते घ्यावे हे सांगणारे आहेत, कर्ज कोठून मिळेल हे सांगणारे आहेत, जीएसटीचे विवरणपत्र भरून देणारे आहेत. मन खचू लागले तर काय करावे हे सांगणारे मात्र कोणी नाही. मनाची चिवटता ही शिकता येण्याजोगी विद्या आहे, आणि ती हिशेबनिसाच्या विद्येइतकीच धंद्याला लागणारी आहे, असे माझे म्हणणे आहे.

शंकाकार : आपल्या आकड्यांना माझी हरकत नाही, परंतु त्या आकड्यांमागची माणसे कोण, हे आपण आधी पाहू. त्या अकरा हजारांत हातगाडीवाला आहे, किराणा दुकानदार आहे, टाळेबंदीत रिक्षा विकावी लागलेला छोटा व्यापारी आहे. उद्योगाचा प्रमुख म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, म्हणजे काचेची केबिन, चालक, चिटणीस, त्या चित्रातला मनुष्य त्या यादीत क्वचित सापडेल. आणि जो सापडत नाही त्याच्याच चित्तशांतीसाठी शिबिरे भरतात, ध्यानाचे वर्ग निघतात, व्याख्याते येतात. माझा पहिला आक्षेप हा आहे. उद्योगाच्या साखळीत ताण नाहीसा होत नाही, तो खाली सरकतो. वरची मोठी कंपनी सुट्या भागांचे बिल थकवते, म्हणून तिचा ताळेबंद स्वस्थ दिसतो आणि तिच्या अधिकाऱ्यांना स्वस्थ झोप लागते. तो ताण शेडवाल्याकडे येतो, शेडवाला तो जॉबवर्क करणाऱ्याकडे ढकलतो, आणि अखेरीस कंत्राटी कामगाराचा पगार पंधरा दिवस लांबतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे ४५ दिवसांत चुकते केले पाहिजे, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागेल, असा कायदा २००६ पासून आहे. तो कायदा घेऊन दाद मागणारा शेडवाला पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत राहतो का, एवढेच आपण विचारून पाहा. जो मनुष्य आपला कायदेशीर हक्क मागू शकत नाही, त्याला चिवटपणा शिकविणे म्हणजे त्याला सोसण्याचे शिक्षण देणे होय.

पुरस्कर्ता : आपण माझ्या मनुष्याला काचेच्या केबिनीतून बाहेर काढलेत याबद्दल मी आभारी आहे, कारण माझ्या मनात तोच शेडवाला होता. त्याचा महिना कसा जातो ते मी सांगतो. पाच तारखेला तो कॅश क्रेडिटची लिमिट पाहतो. ती संपलेली असते. ज्या पार्टीने पेमेंट करायचे तिचा खरेदी विभाग म्हणतो, मालात रिजेक्शन निघाले आहे, तपासून कळवू. सहा तारखेला तो मेव्हण्याकडून हातउसने घेतो, सात तारखेला पगार करतो, दहा तारखेला यंत्राच्या कर्जाचा हप्ता, वीस तारखेला कर. हप्ता नव्वद दिवस थकला तर खाते अनुत्पादित ठरते, म्हणून साठाव्या दिवसापासून त्याची झोप मोडते; रात्री दोन वाजता तो उठून मोबाइलवर खात्यातली शिल्लक पाहतो, जणू बँक रात्री पैसे जमा करते. हे सर्व खरेच बाहेरून येते, हे मला मान्य आहे. परंतु त्याच वसाहतीत, त्याच महिन्यात, त्याच पार्टीने थकवलेले असे दहाजण असतात, आणि त्यांतले सगळेच मोडत नाहीत. हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ, स्थिरचित्त प्रौढ झाली. भार सारखा असून फळ निराळे येते, तेव्हा त्या निराळेपणाचे कारण शोधणे हे भाराकडे डोळेझाक करणे नव्हे.

शंकाकार : काउआईचा दाखला आपण दिलात, पण तो माझ्या बाजूने साक्ष देतो. त्या एकतृतीयांश मुलांत काय आढळले? त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक तरी वडील माणूस होते, आजी, शिक्षिका, शेजारीण, जे कधी हलले नाही. स्वभावाचा भाग होता, नाही असे नाही. परंतु चिवटता जितकी त्या मुलांच्या मनात होती तितकीच ती त्यांच्या शेजारी उभी होती. आता मी आपल्याला याच तालुक्यातली एक गोष्ट स्मरण करून देतो. कन्हेरीप्रमाणेच आज बारामती तालुक्यात असलेले सुपे हे गाव त्या काळी भीमथडी तालुक्यात होते. तेथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने-घरे फोडून कर्जरोखे बाहेर काढले व जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला तो प्रकार येथून सुरू झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला आलेला भाव कोसळला होता, सरकारने सारा वाढवला होता, आणि दिवाणी न्यायालय रोख्यावरच्या अंगठ्यापलीकडे पाहण्यास तयार नव्हते. त्या काळच्या सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ एक कायदा केला. त्या कायद्यान्वये न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन मुद्दल किती, व्याज किती, पहिला व्यवहार कधी झाला, हे तपासावयाचे ठरले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्याची रीत बंद झाली. आणि जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही तिच्यावर जप्ती आणता येईनाशी झाली. त्या कुणब्याचे मन कणखर करावे असे कोणाला सुचले नाही. परकीय सरकारला, आपल्या राज्याला धोका आहे या भयाने का होईना, इतके कळले की दोष रोख्याच्या रचनेत आहे. दीडशे वर्षांनंतर आपण मात्र कर्जदाराच्या मनाची तपासणी करू म्हणतो आणि रोखा कपाटात तसाच राहू देतो.

पुरस्कर्ता : सुप्याची गोष्ट आपण सांगितलीत हे फार चांगले झाले, कारण तिच्यातली एक बाब मला आपल्याहून निराळी दिसते. सुप्याच्या बाजारात जमलेला प्रत्येक कुणबी दुसऱ्याचे कर्ज जाणत होता. कोणाच्या नावावर किती रोखे आहेत, कोणाचा बैल गेला, कोणाचे शेत सावकाराकडे पडले, हे चावडीवर सर्वांना ठाऊक होते. आपत्ती सामुदायिक होती, म्हणून क्रोधही सामुदायिक झाला, आणि क्रोध सामुदायिक झाला म्हणून आयोग नेमला गेला. आजच्या शेडवाल्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याचा धंदा पतीवर चालतो, आणि पत म्हणजे दुसऱ्याचा विश्वास. तो थकला आहे, असे बँकेच्या शाखाधिकाऱ्याला कळले तर लिमिट वाढत नाही. कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याला कळले तर उधारी बंद होते आणि रोखीचा तगादा सुरू होतो. कुशल ऑपरेटरला कळले तर तो पुढच्या आठवड्यात शेजारच्या शेडमध्ये रुजू होतो. भावकीत कळले तर मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात. नोकरीतल्या मनुष्याने ‘मला सहन होत नाही’ असे म्हटले तर त्याला सहानुभूती मिळते, निदान रजा मिळते. उद्योगाच्या प्रमुखाने तेच शब्द उच्चारले तर त्या उच्चाराने त्याचे संकट त्याच दिवशी वाढते. हसतमुखाने वावरणे हा त्याच्या धंद्याच्या भांडवलाचा भाग आहे. म्हणून शेजारच्या शेडवाल्यालाही तीच व्यथा असून दोघे सकाळी चहाच्या टपरीवर भेटतात तेव्हा ‘ऑर्डरी भरपूर आहेत’ असे एकमेकांना सांगतात. हा एकांतवास कायद्याने लादलेला नाही, तो धंद्याच्या स्वरूपातून येतो. आणि मन खचते ते ओझ्याने खचते त्याहून अधिक या एकांतवासाने खचते, असे मला वाटते.

शंकाकार : एकांतवासाविषयीचे आपले निरूपण मला पटले. परंतु मग औषध काय? जो बोलला तर बुडतो, त्याला आपण बोलायला सांगणार. समुपदेशकाच्या खोलीत तो बोलेल, मोकळा होईल, आणि खाली उतरून पुन्हा त्याच बँकेच्या पायऱ्या चढेल. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २०१९ साली कामातून येणाऱ्या थकव्याचा निर्देश करताना त्याला रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित घटना म्हटले. म्हणजे वैद्यकानेही कबूल केले की कारण कामाच्या रचनेत आहे. कारण एकीकडे आणि उपचार दुसरीकडे, हे मला रुचत नाही.

पुरस्कर्ता : उपचाराची आपली कल्पना फार संकुचित आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि पुढे कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती घ्या. तिचे प्रमुख सूत्र असे की मनुष्याने आपल्या कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, परंतु कृतीवरून स्वतःचे मूल्यमापन करू नये. ‘माझा व्यवहार फसला’ हे विधान सत्य असू शकते. ‘मी फसलेला मनुष्य आहे’ हे विधान त्यातून तर्काने निघत नाही. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, तिने या विचाराचा प्रसार सामान्य मराठी माणसांत केला आहे, आणि त्याने माणसे सावरतात. हा केवळ पुस्तकी विचार नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यात, नीरेकाठी, कळंबच्या माळावर ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांचे आयुष्य पाहा. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून निघाली, आणि लगोलग इंग्रज जहाज कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवण्याचा उद्योग आरंभला. १९२३ साली सिंदियाला जाचक करार स्वीकारावा लागला. १९२९ साली सिंदियाचे प्रमुख नरोत्तम मोरारजी मोटार-अपघातात गेले आणि कंपनीची धुरा वालचंदांवर आली. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तो दोन वर्षांत सरकारने आपल्याकडे घेतला. यांतला एकेक आघात मनुष्याला घरी बसवण्यास पुरेसा होता. तरी १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला आणि १९४४ साली मोटारींची कंपनी निघाली. गेलेल्या गोष्टीला स्वतःचा पराभव न मानण्याची शक्ती त्यांच्या ठिकाणी नसती, तर हे घडले असते काय?

शंकाकार : वालचंदांविषयी माझ्या मनात आपल्याइतकाच आदर आहे, आणि त्यांची वृत्ती विरळा होती यात वाद नाही. परंतु त्यांचा पराभव त्यांच्या अंगावर का कोसळला नाही, हेही पाहा. जहाजे बुडीत निघाली तरी रावळगावची शेती बुडत नव्हती. विमाने गेली तरी बांधकामाची कंत्राटे होती. त्यांच्याबरोबर लालचंद, गुलाबचंद, रतनचंद हे भाऊ होते. आणि अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने ते स्वतः निकामी झाले तेव्हा कारभार सांभाळणारी माणसे घरात व कचेरीत तयार होती. त्यांच्या उद्योगाला अनेक पाय होते आणि प्रत्येक उद्योग कायद्याने स्वतंत्र कंपनी होता. एलिस यांनी जे सूत्र १९५५ साली मानसशास्त्रात मांडले, ते व्यापारी कायद्याने त्यापूर्वी शंभर वर्षे मांडलेले आहे. हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित करण्याची मुभा आली. तिचा अर्थ हाच की कंपनी बुडाली तरी मनुष्य बुडत नाही. ही मानवी बुद्धीने निर्माण केलेली मोठी दयाळू कल्पना आहे, आणि ती कल्पना शेडवाल्याच्या बाबतीत आपण मोडून टाकली आहे. त्याची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असते. परंतु कर्ज देताना बँक संचालकाचा वैयक्तिक जामीन घेते. तो कागद मी पाहिला आहे. स्टॅम्पपेपरावर पानापानावर त्याची सही, शेजारी त्याच्या पत्नीची, एका कोपऱ्यात दोघांची छायाचित्रे. आणि कर्ज मंजूर झाले की गावच्या तलाठ्याकडे कन्हेरीच्या वा पिंपळीच्या वडिलोपार्जित बागाइताच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बँकेचा बोजा चढतो. २०१९ च्या डिसेंबरपासून अशा जामीनदारावर नादारी संहितेखाली स्वतंत्र कारवाई करता येते, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीच्या कर्जाची निराकरण योजना मंजूर झाली एवढ्याने जामीनदार सुटत नाही. ताबा घेताना बँक जी नोटीस काढते ती दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असते. म्हणजे गावाने ती वाचावी अशीच व्यवस्था आहे. आता आपला समुपदेशक या मनुष्याला सांगणार की तू निराळा आणि तुझा व्यवहार निराळा. तो कशाच्या आधारावर सांगणार? दोघे एकच आहेत असे त्या मनुष्याने स्वतः स्टॅम्पपेपरावर लिहून दिले आहे.

आणि आणखी एक. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे धर्मकर्तव्य होते, आणि ते कर्तव्य न्यायालयातही चालत असे. २००५ साली संसदेने ते न्यायालयापुरते रद्द केले. मुलाला आपण बापाच्या ऋणातून मोकळे केले. बापाला त्याच्या स्वतःच्याच कंपनीच्या ऋणातून मोकळे करण्याचा विचार मात्र कोणी मांडत नाही.

पुरस्कर्ता : या युक्तिवादाने मी क्षणभर निरुत्तर झालो, हे मान्य करतो. परंतु आपले म्हणणे खरे असेल, आणि मन मोडण्याचे मूळ जामिनाच्या कागदात असेल, तर जेथे तो कागद नाही तेथे मन शाबूत राहिले पाहिजे. सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष पाहा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, हे सर्व कारखाने आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. भांडवल सभासदांचे, कर्ज संस्थेचे. तरी गाळप हंगामात त्या पदावरच्या मनुष्याला विचारा. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, नाहीतर शेकडा पंधरा व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम. साखर तर वर्षभर थोडी थोडी विकायची. पैसे थकले की साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात. शेजारचा कारखाना पन्नास रुपये जास्त देतो तेव्हा घरासमोर ट्रॅक्टर उभे राहतात. वार्षिक सभेत ज्या माणसाला लहानपणी मांडीवर खेळवले तो माइक ओढून चोर म्हणतो. अध्यक्षाने स्वतःचे घर गहाण टाकलेले नसते, तरी त्यालाही रात्री झोप नाही.

शंकाकार : सहकार कायद्याच्या ८८ व्या कलमाखाली त्याच्यावरही वैयक्तिक नुकसानीची जबाबदारी बसवता येते, हे आपण सोडून दिलेत. तथापि, त्या कलमामागे मी लपणार नाही. जामिनाच्या कागदाने सर्व उलगडा होत नाही, हे आपण दाखवलेत. कागदाच्याही आधी आणखी एक जामीन मनुष्य देतो, तो नावाचा. आपल्याकडे आरंभाचे सोहळे मोठे आहेत. पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटतो, ही परिपाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लहान मनुष्यही आपल्या शेडचे उद्घाटन करताना पाहुणे बोलावतो, फ्लेक्स लावतो, आईच्या किंवा कुलदैवताच्या नावाने कंपनी काढतो. परंतु धंदा सन्मानाने बंद करण्याचा कोणताही रिवाज आपल्या समाजाने निर्माण केलेला नाही. गाळा विकला म्हणजे ‘बुडाला’ एवढाच एक शब्द. जो रोग नाही, गुन्हा नाही, केवळ हिशेब चुकला आहे, त्या गोष्टीसाठी आपल्याकडे बेअब्रूखेरीज दुसरे नाव नाही.

पुरस्कर्ता : आता आपण माझ्या अगदी जवळ आलात. नितीन चंद्रकांत देसाई यांच्याविषयी बोलताना मला संकोच वाटतो, कारण एखाद्याच्या जाण्याचे कारण बाहेरून ठरविणे हे अविचाराचे आहे, आणि ते कधीच एक नसते. तरी सार्वजनिक माहितीतले इतके सांगता येते. ज्या कलावंताने पडद्यावर राजवाडे उभे केले, त्याने २००५ साली कर्जतला स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा स्टुडिओ उभारला; जुलै २०२३ मध्ये कर्जापायी त्याच्या कंपनीवर नादारीची कार्यवाही सुरू झाली, आणि २ ऑगस्टला तो आपल्यातून गेला. त्या दिवसांत अनेकांनी लिहिले की आम्हाला काही कल्पना नव्हती. मला त्या घटनेतून कोणताही सिद्धान्त काढावयाचा नाही. ‘कल्पना नव्हती’ हे शब्द मात्र मी विसरू शकत नाही. म्हणून संकटातला उद्योजक माझ्याकडे आला, तर मी त्याला ध्यान सांगत नाही, सकाळी पाचला उठ म्हणत नाही. मी एकच प्रश्न विचारतो. एकूण आकडा किती आहे, हे तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक आहे? बँकेला बँकेचा आकडा ठाऊक असतो, व्यापाऱ्याला व्यापाऱ्याचा, मेव्हण्याला हातउसन्याचा, खाजगी सावकाराला त्याचा. सर्वांची बेरीज एकाच मनुष्याच्या डोक्यात असते, आणि पुष्कळदा तीही भीतीने त्याने केलेली नसते. ती बेरीज कागदावर उतरली आणि दुसऱ्या एका माणसाने वाचली, म्हणजे उपचाराचा आरंभ झाला असे मी समजतो.

शंकाकार : हा प्रश्न उत्तम आहे, मी तो आपल्याकडून घेतो. पण पुढे चला. तो आकडा त्याने घरी सांगितला. पत्नी जामीनदार आहे. तिने जेथे बोट दाखवले तेथे सही केली होती, आता तिला समजले की कशावर केली. काल एकाची झोप गेली होती, आज दोघांची गेली. आपण म्हणाल, ओझे वाटले गेले. वाटले गेले खरे. कमी झाले का?

पुरस्कर्ता : रुपयांत कमी झाले नाही. परंतु त्या मनुष्याची निवड बदलली. जो एकटा असतो त्याच्यापुढे दोनच वाटा दिसतात, सर्व वाचवणे किंवा सर्व संपवणे. दुसरे माणूस आले की तिसरी वाट दिसू लागते. दोन यंत्रे विकावीत, एक एकर काढावे, बँकेशी एकरकमी तडजोडीचे बोलणे करावे, शेड भाड्याने द्यावी, आणि चार वर्षे दुसऱ्याकडे व्यवस्थापक म्हणून काम करावे. या वाटा आधीही होत्या. भीतीने आकसलेल्या बुद्धीला त्या दिसत नव्हत्या. मी ज्याला मनाचे आरोग्य म्हणतो ते हे दिसणे होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्मघाताचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा मनुष्य मानले. सरकारने २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलण्याची सोय केली. या सोयी अपुऱ्या असतील, परंतु रात्री दोन वाजता मोबाइलवर शिल्लक पाहणाऱ्या मनुष्याला त्याच मोबाइलवर दुसरे काही करता येते, ही गोष्ट मी क्षुल्लक समजत नाही.

शंकाकार : मीही समजत नाही. रात्री दोन वाजता मला कायद्याची सुधारणा नको असेल, माणूस हवा असेल. इतके मी आपल्याला देतो. पण मी आपल्याला सकाळी अकराचे विचारतो. शाखाधिकाऱ्यापुढे तिसरी वाट मांडायला त्याच्याबरोबर कोण जाणार? वकील कज्जा वाढवील, लेखापाल बँकेलाही सांभाळून असतो, पुढारी उपकार करील आणि त्याची वसुली पुढच्या निवडणुकीत होईल.

पुरस्कर्ता : सुप्याच्या दंग्यानंतरच्या ज्या कायद्याचा आपण गौरव केलात, त्यातच एक तरतूद आहे, जिचा उल्लेख आपण केला नाही. खटला कोर्टात जाण्यापूर्वी सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून सलोखा घडवणारे गृहस्थ नेमण्याची तजवीज त्यात होती. मला आज तसा मनुष्य हवा आहे. त्याला ताळेबंद वाचता यावा आणि चेहराही वाचता यावा. कर्जदाराने त्याच्याजवळ खरा आकडा सांगितला तर ती बातमी बाजारात जाऊ नये. आणि त्याने सुचवलेली मुदत बँकेने ऐकून घ्यावी, इतके त्याला वजन असावे. आपली रोख्याची दुरुस्ती आणि माझी मनाची दुरुस्ती या एका खुर्चीत एकत्र येतात.

शंकाकार : येतात, आणि येथेच माझी खरी शंका सुरू होते. त्या खुर्चीतल्या गृहस्थाला वेतन कोण देणार? बँक देईल तर कर्जदाराचे मन मोकळे करून घेणे ही वसुलीची एक सुधारलेली रीत होईल, आणि जे त्याने विश्वासाने सांगितले ते उद्या जप्तीच्या अर्जात सापडेल. कर्जदार देईल तर बँक त्याचा शब्द का मानील? सरकार देईल तर त्याच्या दप्तरात तीनशे प्रकरणे पडतील आणि चेहरा वाचायला त्याला वेळ उरणार नाही. गुप्तता आणि अधिकार या दोन गोष्टी आपण एका हाती देऊ पाहता. ज्याला अधिकार असतो त्याला आकडा वर कळवावा लागतो, आणि जो आकडा पोटात ठेवतो त्याला अधिकार कोणी देत नाही. डॉक्टरच्या बाबतीत समाजाने हा पेच शपथेने सोडवला, वकिलाच्या बाबतीत पुराव्याच्या कायद्याने. कर्जदाराच्या या सोबत्याला आपण कोणती शपथ घालणार, आणि ती मोडणाऱ्या बँकेला कोण जाब विचारणार, याचा मसुदा आपण घेऊन या. मी जामिनाच्या कागदाचा मसुदा घेऊन येतो. आपले मसुदे एकमेकांशी जुळतील असे मला आज तरी वाटत नाही, परंतु कोणत्या कलमावर ते अडतात हे आपण दोघांनीही पाहिले पाहिजे.